‘उत्तोलन’: तराजू, तुळई आणि तरफ

अभियांत्रिकी शिकणाऱ्या एका पुणेकर विद्यार्थ्याचा प्रश्न असा आहे की, ‘उत्तोलन’ म्हणजे तरफेचा वापर असा अर्थ त्याच्या वाचनात आला; मग खेळाच्या पानावर भेटणाऱ्या ‘भारोत्तोलना’त तरफ कुठे असते?

तिथे तरफ नसते, कारण मूळ शब्दातच ती नाही. संस्कृतातील ‘तुल्’ या धातूचा अर्थ उचलणे, तोलणे, तुलना करणे असा आहे. त्याआधी ‘वर’ या अर्थाचा ‘उद्’ उपसर्ग लागला आणि पुढच्या ‘त’मुळे ‘द्’चा ‘त्’ झाला, म्हणून उत्तोलन म्हणजे वर उचलणे. ते हातांनी केले काय किंवा यंत्राने केले काय, शब्दाला फरक पडत नाही. बंगालीत झेंडा फडकवण्यालाही ‘पताका उत्तोलन’च म्हणतात, आपण मात्र तिथे ‘ध्वजारोहण’ म्हणतो. तरफेचा अर्थ या शब्दाला चिकटला तो शास्त्रीय परिभाषेतून: हिंदी पाठ्यपुस्तकांत तरफेला ‘उत्तोलक’, म्हणजे उचलणारे साधन, म्हणतात. इंग्रजी ‘लिव्हर’चे मूळही ‘उचलणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदातच आहे.

तरीही ‘तुल्’चा आणि तरफेचा संबंध अगदीच परका म्हणता येणार नाही. उचलून धरल्याशिवाय वजन कळत नाही, म्हणून एकाच धातूला उचलणे आणि तोलणे हे दोन्ही अर्थ आले. त्यातूनच तुला, तोळा, समतोल, अतुल ही सारी मंडळी निघाली. आणि तराजूची दांडी (‘तराजू’ हा शब्द मात्र फारसी) ही स्वतःच मधोमध टेकू असलेली, समान भुजांची तरफ आहे. संस्कृतात ‘तुला’ म्हणजे घराच्या छताला आधार देणारे आडवे लाकूडही. पेठांमधल्या जुन्या वाड्यांत कडीपाटाचा भार पेलणारी तुळई ती हीच.

तरफेचे काम पाहायचे असेल तर असा वाडा उतरवताना पाहावे. जोत्याचा दगड हलवण्यासाठी मजूर पाच फुटी पहारीचे टोक त्याच्याखाली सारतात, टोकापासून सहा इंचांवर विटेचा तुकडा टेकू म्हणून सरकवतात आणि दुसऱ्या टोकावर भार टाकतात. टेकूच्या एका बाजूला 6 इंच, दुसऱ्या बाजूला 54. म्हणजे 40 किलोंचा दाब दगडाखाली सुमारे 360 किलोंचे काम करतो, मात्र दगड एक इंच उचलायला हात नऊ इंच खाली न्यावा लागतो. या लाभाला नुसते ‘उत्तोलन’ म्हटले तर बळ वाढल्याचा मुद्दाच हरवतो, कारण शब्द फक्त ‘वर उचलले’ एवढेच सांगतो. शिवाय सगळ्याच तरफा काही उचलत नाहीत: अडकित्ता सुपारी फोडतो, चिमटा निखारा धरतो, आणि दोन्ही तरफाच आहेत.

म्हणून मराठीत साधनासाठी ‘तरफ’ आणि कृतीसाठी ‘तरफेने उचलणे’ हेच मी लिहीन. ‘उत्तोलन’ भारोत्तोलनापुरते राहू द्यावे. अर्थव्यवहारातल्या ‘लेव्हरेज’साठीही काही जण ‘उत्तोलन’ वापरतात, ते तर मला मुळीच पटत नाही. कर्जाच्या पैशावर गुंतवणूक वाढवली आहे, एवढे सरळ लिहिले की बँकेतल्या माणसालाही कळते आणि ठेवीदारालाही.