फिका बँड गडद केला तर चालेल का?

प्रश्न : मी पुण्यात जीवशास्त्रात पीएच.डी. करते. वेस्टर्न ब्लॉटचा (नमुन्यातलं ठरावीक प्रथिन दाखवणाऱ्या चाचणीचा) एक बँड, म्हणजे पट्टा, फिका आलाय. सर म्हणतात, तेवढा फोटोशॉपमध्ये गडद कर, मधली नको असलेली लेन (एका नमुन्याची उभी रांग) काढून टाक. हे गैर आहे का?
– एक वाचक, पाषाण

उत्तर : तेवढाच बँड गडद करणं गैरच. बँडचा गडदपणा प्रथिनाचं प्रमाण सांगतो. तो हाताने बदलला की मोजमापच खोटं झालं. ब्राइटनेस-कॉन्ट्रास्ट संपूर्ण चित्राला सारखा लावता येतो, पण पार्श्वभूमी पांढरीफटक होऊन फिके बँड पुसले जाईपर्यंत नाही. लेन काढलीच, तर जोडावर रेघ ठेवा आणि आकृतीखाली तसं लिहा. वेगळ्या ब्लॉटच्या लेन मात्र एकत्र चिकटवू नका.

मशीनमधून आलेल्या मूळ टिफ फाइलला हात लावू नका, प्रतीवर काम करा. फाइलच्या नावात तारीख आणि वहीचा पान क्रमांक घाला. जेपेगवर विसंबू नका, त्यात तपशील गळतो.

खरं उत्तर प्रयोगातच सापडेल. प्रथिन कमी भरलं की ट्रान्सफर (जेलमधून प्रथिनं मेम्ब्रेन या पातळ पडद्यावर उतरवणं) अर्धवट झालं? अँटिबॉडी घालण्याआधी मेम्ब्रेनला पॉन्सो एस (सगळी प्रथिनं दाखवणारा लाल रंग) लावा. लेन असमान रंगल्या तर तिथेच कळतं. मग ब्लॉट नव्याने करा, नमुनेही स्वतंत्र घ्या.

सरांशी बोलताना आरोप नको. ‘बरीच जर्नल्स न कापलेला मूळ ब्लॉट मागतात, तेव्हा काय पाठवायचं?’ एवढंच विचारा. तरीही दबाव आला, तर तारखेसह लिहून ठेवा आणि संस्थेच्या नैतिकता समितीकडे जा.