इंग्रज येण्याआधी नायजेरियात राजे होते का?

प्रश्न असा आहे : नायजेरियन लोकांचा राजकीय आणि सांस्कृतिक इतिहास काय, आणि इंग्रज येण्याआधी त्यांच्याकडे राजे, राज्यं असं काही होतं का?

प्रश्नाच्या दुसऱ्या भागावरून माझं थोरल्या भावाशी वीस वर्षं वाजतंय, म्हणून लिहायला बसलो.

राजेच हवे असतील तर भरपूर होते. दक्षिणेत बेनिनच्या ओबाचं, म्हणजे राजाचं, राज्य होतं. 1897 साली इंग्रजांनी बेनिन शहर लुटलं, जाळलं, पितळेची हजारो शिल्पं उचलून नेली आणि ओबा ओवोनरामवेनला कालाबारला हद्दपार केलं. उत्तरेत उस्मान दान फोदियो या मुस्लिम धर्मपंडिताने 1804 मध्ये उठाव केला, त्यातून सोकोटोची खिलाफत उभी राहिली. नैऋत्येतल्या योरूबा लोकांच्या इफे शहरातली धातूची शीर्षशिल्पं त्याच्याही कितीतरी शतकं आधीची. ‘नायजेरियन’ ही ओळख मात्र अलीकडची. 1 जानेवारी 1914 ला इंग्रज गव्हर्नर लुगार्डने उत्तर आणि दक्षिण एकत्र जोडली, आणि त्यामागचं एक मोठं कारण साधं हिशोबाचं होतं : उत्तरेचा खर्च भागत नव्हता आणि दक्षिणेकडे जकातीचा पैसा शिल्लक पडत होता. अडीचशेहून जास्त भाषांच्या लोकांना कुणी विचारलं नाही.

आता माझं. मूळचा इचलकरंजीचा, मागांवर वाढलेला. 1995 ते 2003 आबा या शहरात कापडाच्या कारखान्यात यंत्रांची देखभाल बघायचो. आबा म्हणजे आग्नेय नायजेरियातल्या इग्बो लोकांचा मुलूख. पहिल्या वर्षीच स्टोअर सांभाळणारा सहकारी मला त्याच्या गावी घेऊन गेला. अंगणात दहाबारा पुरुष बसलेले. लाकडी थाळीत कोलाची बी आली, सोबत शेंगदाण्याची तिखट चटणी. थाळी एकेकाच्या हाताला लावून पुन्हा घरमालकाकडे. मग सगळ्यात वयस्क माणसाने बी हातात धरून प्रार्थना सुरू केली. ‘घारही बसू दे, गरुडही बसू दे, जो दुसऱ्याला बसू देणार नाही त्याचा पंख मोडो.’ मी विचारलं, पाहुण्यासाठी इंग्रजीत का नाही? सहकारी म्हणाला, ‘ओगा (साहेब), कोलाला इंग्रजी कळत नाही.’ बी फोडली, चार पाकळ्या निघाल्या तसा सगळ्यांचा चेहरा खुलला, कारण त्यांचा आठवडा चार बाजारदिवसांचा : एके, ओरिये, आफो, न्क्वो. माझ्या वाट्याचा तुकडा कडू आणि तुरट, हिरड्यासारखा. त्यानंतर विहिरीच्या खर्चावर बोलणं निघालं. प्रत्येकजण बोलला, पंचविशीतला पोरगासुद्धा, आणि म्हाताऱ्याने शेवटी सगळ्यांचं मिळून काय ठरलं तेवढं सांगितलं.

हे मी गणपतीत घरी सांगितलं, तर दादा म्हणाला, ‘राजा नाही, किल्ला नाही, मग इतिहास कसला?’ तिथून भांडण. आपल्याकडे इतिहास मोजायचं माप म्हणजे गादी आणि गड. त्या मापाने बहुतेक इग्बो गावं शून्य भरतात. चूक मापाची आहे.

इंग्रजांचंही तेच झालं. राजा सापडेना, म्हणून त्यांनी सनद देऊन मुखिये नेमले. गावाला ते कधीच आपले वाटले नाहीत. नोव्हेंबर 1929 मध्ये ओलोको गावात मुखियाचा माणूस माणसं-जनावरं मोजायला आला. न्वान्येरुवा नावाची बाई पामतेल काढत होती. तिने विचारलं, ‘तुझ्या आईला मोजलंस का?’ बायकांवर कर बसणार ही शंका गावोगाव पसरली आणि हजारो बायका बाहेर पडल्या. मुखियाच्या घराला वेढा घालायचा, रात्रभर नाचत त्याचे वाभाडे काढणारी गाणी म्हणायची, टोपी काढून घ्यायची. ही रीत त्यांच्याकडे आधीपासून होती, बायकोला छळणाऱ्या नवऱ्यासाठी. गोळीबारात पन्नासहून जास्त बायका मेल्या, पण सनदी मुखियांची पद्धत सरकारला मोडीत काढावी लागली. दादा, हा इतिहास नाही तर काय आहे?

1960 चं स्वातंत्र्य, 1966 ची दोन लष्करी बंडं, उत्तरेतल्या इग्बोंच्या कत्तली, मग मे 1967 मध्ये इग्बोंचा पूर्व भाग बियाफ्रा नावाने वेगळा झाला आणि जुलै 1967 ते जानेवारी 1970 युद्ध चाललं. दहा लाखांहून जास्त माणसं गेली, बहुतेक भुकेने. सहकाऱ्याच्या वडिलांनी जुनं पासबुक जपून ठेवलं होतं. युद्धानंतर खात्यात कितीही रक्कम असो, हातात फक्त वीस पौंड मिळाले. त्यावर ही माणसं उभी राहिली ती शागिर्दीवर : पोरगा मालकाच्या घरी राहून काही वर्षं धंदा शिकतो, आणि मुदत संपली की मालक त्याला भांडवल देऊन मोकळा करतो. आबाचा बाजार मी असाच चालताना पाहिला.

लष्करी राजवटीने देशाला शिस्त लावली, हेही दादाचं मत. मी लष्करशहा अबाचाच्या काळात तिथे होतो. पेट्रोल पिकवणाऱ्या देशात पेट्रोलसाठी रात्र-रात्र रांगेत उभा राहिलो. नोव्हेंबर 1995 मध्ये सरकारविरुद्ध बोलणारे लेखक केन सारो-विवा यांना फाशी दिल्याची बातमी आली तेव्हा कारखान्यात कुणी मोठ्याने बोललं नाही. त्या शांततेला मी शिस्त म्हणणार नाही.

एक राहिलं. सगळ्याच इग्बोंना राजा नव्हता असं नाही. ओनित्शाला ओबी होता, न्रीला एझे होता. आणि सभेत सगळ्यांना जागा नव्हती. ओसू म्हणून देवाला वाहिलेल्या घराण्यांना वेगळं ठेवायचे, त्यांच्याशी लग्न जमवत नसत. 1956 मध्ये कायद्याने बंदी आली, तरी माझ्या सहकाऱ्याच्या बहिणीचं स्थळ याच कारणावरून मोडलं. मी हे दादाला कधी सांगितलं नव्हतं, कारण त्याने तेवढंच धरून ठेवलं असतं.

तुम्हाला वाचायचं असेल तर ‘नायजेरियन’ असं एकत्र शोधू नका. इग्बो, योरूबा, उत्तरेतले हौसा, बेनिनचे एदो असे वेगवेगळे वाचा, आणि इग्बोंची सुरुवात 1929 च्या बायकांपासून करा.