चहाला नाही म्हणताना ॲसिडिटी कशाला?

प्रश्न : ताई, मी बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. पंचवटीतल्या एका शाळेत आंतरवासिता चालू आहे, आठवी ब ला मराठी आणि इतिहास. घर शरणपूरचं, पिढ्यान्‌पिढ्या प्रोटेस्टंट. पुण्यात पदवीला असताना मी लॅटर-डे सेंट्स चर्चमध्ये, लोक ज्यांना मॉर्मन म्हणतात त्यांच्यात, बाप्तिस्मा घेतला. मग १८ महिने मिशनवर, म्हणजे चर्चच्या धर्मप्रचाराच्या कामावर होते, बंगळुरूकडे. पहाटे उठून शास्त्राचा अभ्यास, दिवसभर माणसांना भेटणं, जोडीला दिलेली दुसरी मिशनरी, माझी जोडीदारीण, कायम नजरेच्या टप्प्यात. छातीवर काळी पाटी, त्यावर आडनावाआधी ‘सिस्टर’. (दवाखान्यातली समजून लोक बीपी विचारायचे!)

परत येऊन सव्वा वर्ष झालं. आता सकाळी पाठांची टाचणं लिहायची राहिलेली असतात, प्रार्थना सिटीलिंकच्या बसमध्ये उरकते. शास्त्र उघडलं की दोन ओळींत डोळे मिटतात. तिकडे अनोळखी माणसापुढे साक्ष देणारी, म्हणजे आपल्या श्रद्धेबद्दल उघड बोलणारी मी, इथे स्टाफरूममध्ये चहा नको म्हणताना “ॲसिडिटी आहे” सांगते. आता एक बाई माझ्यासाठी रोज आवळासुपारी आणतात. आई म्हणते, “आपलं चर्च काय वाईट होतं?” परवा वर्गात एका मुलीनं विचारलं, “बाई, तुम्ही कोणत्या देवाला मानता?” मी फळा पुसायला लागले. माझी श्रद्धा गेली का?
— एक छात्राध्यापिका, नाशिक

उत्तर : आधी आवळासुपारीचं बघू, ते लवकर मिटेल. उद्या त्या बाईंना सांग, “ॲसिडिटी नाही हो, आमच्यात चहा चालत नाही.” बास. तुमच्या चर्चचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांनी १८३३ मध्ये आरोग्याचा नियम सांगितला, त्यातल्या ‘गरम पेयां’चा अर्थ तुमच्याकडे चहा-कॉफी असा घेतात, हे सगळं मधल्या सुट्टीत नको. ‘आमच्यात चालत नाही’ हे आपल्याकडे प्रत्येकाला कळतं. कांद्याच्या जिल्ह्यात राहून चातुर्मासात कांद्याला हात न लावणारी माणसं त्याच स्टाफरूममध्ये डबा उघडून बसलेली असतील, त्यांना कोण कारण विचारतं? कुणी फारच आग्रह केला तर गवती चहा आणि आलं उकळून द्या म्हण, चहापत्ती न घालता. तेवढं तुमच्या नियमात बसतं. त्या बाई रागावणार नाहीत. रागावल्याच तर आजारपण खोटं निघालं म्हणून, आणि तो राग रास्त आहे.

आईचा प्रश्न मी सोडवू शकत नाही. तू दुसऱ्या चर्चमध्ये गेलीस याचं दुःख तिला आहे, ते तिचं आहे. वाद घालू नकोस. नाताळात तिच्याबरोबर तिच्या चर्चमध्ये जाऊन बस.

आता श्रद्धेचं. माझे वडील निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर त्र्यंबकेश्वराहून पंढरपूरला चालत जायचे. परत आले की आठ-पंधरा दिवस घरात असून नसल्यासारखे. तीनला उठून वळकटी बांधायला लागायचे. आई म्हणायची, “देह आलाय, बाकीचे अजून वाटेत आहेत.” शेतात निंदणीला लागले की मग माणसात यायचे. हरिपाठ खुरपं चालवताना म्हणायचे, मध्येच ओळ विसरायचे, बैलाला हाक मारून पुन्हा पहिल्यापासून. त्यांची भक्ती आटली असं आमच्या घरात कुणाला वाटलं नाही. तुझी बसमधली प्रार्थना मला त्या जातीची वाटते. मिशनवर तुझा सगळा दिवस देवासाठी आखून ठेवलेला होता, शेजारी माणूस होतं, आणि परीक्षकासाठी टाचण लिहायचं नव्हतं. तुझं वेळापत्रक गेलंय. श्रद्धेचं काय झालं ते इतक्यात मोजू नकोस, निदान सराव पाठ संपेपर्यंत तरी.

खरा प्रश्न त्या मुलीचा आहे, आणि तू त्याच्यावरून ओला फडका फिरवलास. मिशनवर तू दार वाजवायचीस तेव्हा आतला माणूस दार लावून घेऊ शकत होता. आठवी ब मधली मुलगी उठून जाऊ शकत नाही. तिची वही तू तपासतेस. म्हणून तिथे साक्ष द्यायची नाही, मनात कितीही आलं तरी. संविधानाचं कलम २८ तू बी.एड.ला वाचलं असशील. सरकारी मान्यता किंवा अनुदान असलेल्या शाळेत अल्पवयीन मुलाला पालकांच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला बसवता येत नाही. पण कलम नसतं तरी मी हेच सांगितलं असतं. मी तीस वर्षं शिकवलं. फळ्यावर रोज सुविचाराच्या जागी अभंग लिहायचे, वारकऱ्याची लेक ना! कुणाच्या घरी तो चालत असेल-नसेल हे मला विचारावंसंही वाटलं नाही. एका मुलाच्या वडिलांनी येऊन शांतपणे सांगितलं तेव्हा मान खाली गेली.

आणि तरी, गप्पही राहू नकोस. “मी ख्रिस्ती आहे” एवढं म्हण आणि धडा पुढे चालू कर. त्या पोरीला तेवढंच हवं होतं बहुतेक. तुझा चेहरा बघून तिला वाटलं असेल, आपण काहीतरी वाईट विचारलं. उद्या वर्गात गेलीस की तिच्याकडे बघून हस जरा.

राहता राहिली जोडीदारीण. तिच्याबद्दल तू एकच वाक्य लिहिलंस, पण पत्रभर तीच दिसते मला. मिशनवर तुमचा आठवड्यातला एक दिवस कपडे धुण्याचा, बाजाराचा, घरी फोन करण्याचा असतो ना? तसा एक वार पुन्हा ठरव आणि तिला फोन लाव. मिशनच्या आठवणी बाजूला ठेव, आठवी ब चं सांग.