वीस रुपयांचा दंड

प्रश्न : पोस्टात माझं महिना २,००० रुपयांचं आरडी खातं आहे. डिसेंबर २०२३ मध्ये डाकसेवकांचा संप झाला. १३ तारखेला हप्ता भरायला गेले तर गावच्या पोस्टाला कुलूप. मग ऊसतोडीच्या गडबडीत राहून गेलं. १८ ला गेले तर २० रुपये दंड! संप त्यांचा, दंड मला का? आणि दिवसाला चार तास काम, वर घरची शेती, तरी यांना संप कशाला लागतो?
— एक भगिनी, शिराळा तालुका

उत्तर : ताई, आधी दंडाचं. तुमचं खातं महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात उघडलेलं असणार, म्हणून हप्त्याची मुदत १५ तारीख. ती टळली की शंभराला एक रुपया. हे संगणकच लावतो. त्यातला पैसाही डाकसेवकाच्या खिशात जात नाही. संप ग्रामीण डाकसेवकांचा होता. तालुक्याच्या पोस्टात खात्याचे कायम नोकर असतात, तिथं हप्ता भरता आला असता. पण हे कुलपाशी चिठ्ठी लावून कुणी सांगितलं नाही, तिथं तुमची तक्रार रास्त आहे. संप १२ तारखेला सुरू करणं मलाही पटलं नाही. आरडीवाल्या बायांची १५ पर्यंतची धावपळ डाकसेवकाइतकी कुणाला ठाऊक?

आता चार तासांचं. मी पाटण तालुक्यात सात वर्षं सब-पोस्टमास्तर होतो. कोयनेकडच्या एका गावचा डाकसेवक खताच्या रिकाम्या गोणीत डाकथैली गुंडाळून यायचा. स्वतः भिजायचा, थैली नाही. कऱ्हाडहून डाक आणणारी एसटी पावसात घाटाखाली अडकली की तो माझ्यासमोर बाकड्यावर बसून राहायचा. थैली घेऊन गावात पोचायला दुपार व्हायची आणि मग वाटप. कागदावर त्याचे चार तास तोवर संपलेले असायचे. मी सही करायचो, तीही चार तासांवरच.

या कामाला पगार म्हणतच नाहीत, टीआरसीए म्हणतात, म्हणजे तासांच्या हिशेबाचा भत्ता. २०१८ मध्ये सोळा दिवसांच्या आसपास संप झाला, तेव्हा कुठे डाकसेवकांच्या भत्त्याचा विचार करणाऱ्या कमलेश चंद्र समितीचे आकडे लागू झाले : चार तासांच्या डाकसेवकाला सुरुवातीला १०,००० आणि गावचं पोस्ट सांभाळणाऱ्या डाकसेवकाला, म्हणजे शाखा पोस्टमास्तरला, १२,००० रुपये, वर महागाई भत्ता. नोकरी ६५ व्या वर्षापर्यंत, पण कायम नोकरासारखं निवृत्तिवेतन नाही. १९७७ मध्ये राजम्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही पदं सरकारी नागरी पदं ठरवली, तरी नाही. डिसेंबरच्या संपात आठ तासांचं काम, निवृत्तिवेतन आणि १२, २४, ३६ वर्षांनंतरची वाढ याच मागण्या होत्या.

आणि शेती? ताई, ती त्याची चैन नव्हे, अट आहे. भरतीच्या वेळीच उपजीविकेचं दुसरं साधन असल्याचं लिहून द्यावं लागतं. पोस्टाची जागाही शाखा पोस्टमास्तरनेच बघायची. म्हणजे त्याच्या उसाच्या बिलातून तुमचं पोस्ट चालतं, असं मी म्हटलं तर आमच्या काही जुन्या साहेबांना राग येईल. येऊ दे.

परवा आमच्या वाड्यात डाकसेवक एका आजींना निराधार योजनेचे पैसे द्यायला आला होता. भांगलून झिजलेला अंगठा यंत्राला पटेना. त्याने ओल्या फडक्याने बोट पुसलं, दुसरं लावलं, तिसरं लावलं. चौथ्या बोटाला पैसे निघाले. अर्धा तास गेला तो चार तासांतला की बाहेरचा, विचारायचं राहिलं.

तुम्हाला एक सुचवतो. कारखान्याचं बिल आलं की सहा हप्ते एकदम आगाऊ भरा. महिन्याच्या हप्त्याच्या शंभराला दहा रुपये सूट मिळते, तुमच्या खात्याला २००. बारा भरलेत तर ८००. नोंद झाल्यावर पासबुकावरचा शिक्का तेवढा तिथंच बघून घ्या.