‘पुट ऑफ’चा अर्थ कर्म पाहून ठरवावा

प्रश्न : ‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकलणे, असे मी शिकलो आहे. मग ‘हिज टोन पुट मी ऑफ’ या वाक्याचा अर्थ कसा लावायचा? या क्रियापदाचे कर्म वाक्यात नेमके कोठे ठेवावे?

उत्तर : आपण शिकलेला अर्थ बरोबर आहे, मात्र बैठक, काम किंवा निर्णय हे कर्म असतानाच तो लागू पडतो. ‘दे पुट ऑफ द मीटिंग’ म्हणजे त्यांनी बैठक लांबणीवर टाकली. कर्माच्या जागी माणूस आला की बहुधा अर्थ पालटतो. आपल्या वाक्याचा अर्थ, त्याच्या बोलण्याच्या सुरामुळे माझे मन विटले, असा होतो. आणि ‘द स्मेल पुट मी ऑफ माय फूड’ म्हणजे त्या वासाने माझी अन्नावरची वासनाच उडाली. ‘ऑफपुटिंग’ हे विशेषण याच अर्थाचे आहे.

‘ऑफ’मध्ये दूर सारण्याचा भाव आहे, हे लक्षात ठेवले की हे अर्थ परके वाटत नाहीत. 1611 च्या इंग्रजी बायबलमध्ये मोशेला पायांतील जोडे काढण्याची आज्ञा होते, तेथेही ‘पुट ऑफ’च आहे. जोडे पायांपासून दूर होतात, बैठक ठरल्या दिवसापासून आणि मन एखाद्या गोष्टीपासून. मराठीतही ‘निर्णय लांबणीवर टाकणे’ आणि ‘टाकून बोलणे’ यांत क्रियापद एकच असून आपला कधी घोटाळा होत नाही.

माणूस कर्म असताना आणखी एक अर्थ संभवतो, तो सबब सांगून टाळण्याचा. ‘शी पुट हिम ऑफ विथ अ व्हेग प्रॉमिस’ म्हणजे मोघम आश्वासन देऊन तिने त्याची बोळवण केली. नुसते ‘शी पुट हिम ऑफ’ असे वाक्य समोर आले, तर तिने त्याला टाळले की तिच्यामुळे त्याचे मन विटले, हे मागचापुढचा मजकूर वाचल्याखेरीज ठरवता येत नाही, आणि भाषांतरकाराने तो वाचल्याशिवाय शब्द निवडू नये, असे मला आग्रहाने वाटते.

कर्म नाम असेल, तर ‘पुट ऑफ द मीटिंग’ आणि ‘पुट द मीटिंग ऑफ’ या दोन्ही रचना चालतात. सर्वनाम मात्र मध्येच हवे : ‘पुट इट ऑफ’. ‘पुट ऑफ इट’ ही चूक फार आढळते. पुढे क्रिया आल्यास ‘पुट ऑफ गोइंग’ म्हणावे, ‘टु गो’ नव्हे. बैठक रद्दच झाली असेल, तर ‘कॉल ऑफ’ वापरावे. ‘पुट ऑफ’मध्ये ती पुढे होणार, हे गृहीत असते.