‘नंदुरबार जिल्हा १९४२’ शोधलं, काहीच मिळालं नाही

प्रश्न: ग्रंथपाल मॅडम, मी एस.वाय.बी.ए.ला आहे. इतिहासाला प्रोजेक्ट आहे, नंदुरबारचं १९४२ चं आंदोलन आणि त्यातले हुतात्मा शिरीषकुमार. मोबाईलवर ‘नंदुरबार जिल्हा १९४२’ टाकून दोन दिवस शोधलं, सगळीकडे तेच ते चार परिच्छेद. मग एआयला विचारलं, त्याने पाच पुस्तकं सांगितली, आमच्या लायब्ररीत त्यातली तीन नाहीतच. लायब्ररीचं ओरिएंटेशन फर्स्ट इयरला झालं होतं, वीस मिनिटं, बीटी कार्ड (पुस्तक घरी न्यायचं कार्ड) आणि दंड एवढंच सांगितलं. आता काय करू?
– एक विद्यार्थिनी, नंदुरबार

उत्तर: बेटा, तू मेहनत केलीस पण एका शब्दाने घात केला. नंदुरबार जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला. त्याआधी तो भाग धुळे जिल्ह्यात होता आणि १९४२ मध्ये तर जिल्ह्याचं नावच पश्चिम खानदेश, १९०६ ला खानदेशाचे पूर्व-पश्चिम असे दोन तुकडे झाले तेव्हापासून. ९ सप्टेंबर १९४२ ला गोळीबारात शिरीषकुमार गेला, त्या काळात कोणी काही लिहिलं असेल तर त्यात ‘नंदुरबार जिल्हा’ सापडणार कसा?

आणि खानदेश लिहितेस कसा तेही बघ. कोणी ‘खानदेश’ लिहितं, कोणी ‘खान्देश’, आणि कॉम्प्युटरला ते दोन वेगळे शब्द वाटतात. माझ्याकडे एक मुलगा रडकुंडीला येऊन बसला होता, ओपॅकवर, म्हणजे लायब्ररीच्या कॉम्प्युटरवरच्या कॅटलॉगमध्ये, काहीच येत नाही म्हणे, मी फक्त अर्धा न काढून पूर्ण न टाकला आणि पुस्तकांची यादी समोर आली, त्याचा चेहरा मला अजून आठवतो. शिरीष-शिरिष, धुळे-धुळें, सगळं उलटसुलट करून बघायचं.

एआयच्या पुस्तकांचं म्हणशील तर, तुमच्या लायब्ररीत नाही म्हणजे पुस्तकच नाही असं नसतं. विद्यापीठाच्या कॅटलॉगमध्ये बघ, लेखक, प्रकाशक, साल जुळतं का ते बघ. कुठेच सापडलं नाही तर प्रोजेक्टमध्ये त्याचं नाव अजिबात टाकू नकोस, न बघितलेलं पुस्तक संदर्भात देणं म्हणजे सरळ खोटं लिहिणं.

आता स्वतः रॅकपाशी जा. ९५४ नंबरला भारताचा इतिहास असतो. पुस्तक पहिल्या पानापासून वाचत बसू नको, आधी मागची सूची उघड, नंदुरबार शब्द कोणत्या पानांवर आहे तेवढं बघ, मग त्या लेखकाने कुठून माहिती घेतली ती संदर्भसूची बघ, एका पुस्तकातून पुढची चार सापडतात. धुळे जिल्ह्याचं गॅझेटिअर, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ, मागव, इंग्रजी आहे म्हणून घाबरू नको. शोधगंगा या वेबसाइटवर पीएचडीचे प्रबंध फुकट वाचायला मिळतात, तिथेही ‘पश्चिम खानदेश’ टाक, इंग्रजी स्पेलिंगनेही टाक.

ओरिएंटेशनबद्दल मला खरंच वाईट वाटतं. जूनमध्ये पोरांच्या डोक्यात प्रश्नच नसतो, तेव्हा सांगितलेलं राहणार कसं? प्रोजेक्ट देतात त्याच आठवड्यात इतिहासाचे सर आणि ग्रंथपाल दोघांनी मिळून एक तास लायब्ररीतच घ्यावा, हे वाचणाऱ्या प्राध्यापकांना माझी कळकळीची विनंती आहे. तू तुझ्या सरांना हे सांगच, वर्गातले बाकीचेही अडले असतील.

धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ या इतिहास संशोधनाच्या संस्थेत जायचं असेल तर आधी वेळ विचारून घे, कॉलेजचं पत्र सोबत ने आणि कोणकोणते शब्द टाकून शोधलंस ती वहीसुद्धा.