गिटारचा सूर टिकत नाही? चाव्या बदलायच्या आधी नट बघा

कोल्हापुरात नट म्हटलं की एकतर पिक्चरमधला, नाहीतर उद्यमनगरातला बोल्टवाला. गिटारचा नट तिसराच. मानेच्या टोकाला, सूर लावायच्या चाव्यांच्या अलीकडे पांढरी नाहीतर काळी पट्टी असते बघा, जिच्या सहा खाचांतून तारा जातात, ती. यावेळी आलेले निम्मे प्रश्न "ट्यूनिंग टिकत नाही" या रडगाण्याचे आहेत आणि वाचतानाच कळतंय की बहुतेकांची भानगड या पट्टीतच आहे, म्हणून एकदमच घेतो.

प्रश्न – लेस पॉल टाइप इलेक्ट्रिक आहे, १०-४६ चा सेट (सगळ्यात बारीक आणि जाड तारेचं माप). बेंड मारला, म्हणजे तार बोटानं बाजूला ताणली, की जी (G) तारेचा सूर उतरलाच. वैतागून नव्या चाव्या बसवल्या, तरी तेच. आता काय बदलू? (राजारामपुरीतून एक कॉलेजकुमार)

उत्तर – भावा, काही बदलू नकोस, आधी कान लाव. चावी हळूहळू फिरवताना सूर तिथंच अडून बसतो आणि मग "टिंग" करून एकदम उडी मारतो का? मारत असेल तर तार खाचेत अडकतीय. बेंड करताना चावीकडची तार थोडी अलीकडं सरकते, सोडल्यावर तिनं परत जायला पाहिजे, पण खाच आवळलेली असली की ती जात नाही आणि सूर उतरलेला राहतो. खात्री करायचीय? बेंड मारून सूर उतरू दे, मग नट आणि चावी यांच्या मधल्या तारेवर बोटानं दाबून सोड. सूर परत वर चढला की चोर सापडला. तुझ्यासारख्या तीन-तीन चाव्यांच्या हेडस्टॉकवर (चाव्या बसवलेल्या माथ्यावर) डी आणि जी या दोन तारा नटातून निघाल्या की बाजूला वळतात, म्हणून रडणारी बहुतेक जी नाहीतर डीच असते.

उपाय आधी फुकटातला कर. तार सैल करून खाचेतून बाहेर काढ, २बी पेन्सिलीचं टोक खाचेत चांगलं घास, तार परत बसव. पेन्सिलीतलं ग्रॅफाइट म्हणजे कोरडं वंगणच. आणि ट्यून करताना नेहमी खालून वर यायचं, वर गेलास तर पार खाली उतरून परत चढायचं. एवढ्यानं भागलं तर कानस हातातच घ्यायची नाही.

प्रश्न – आमच्या बँडसाठी ९-४२ काढून ११-४९ टाकल्या, तेव्हापासून सगळ्याच तारा टिंग टिंग करतात. पेन्सिल लावून झाली. नटाच्या कानशी लई महाग आहेत, दुसरं काय वापरू? (इचलकरंजी)

उत्तर – पेन्सिलीनं इथं भागणार नाही. हे आकडे इंचाच्या हजाराव्या भागातले, म्हणजे तुमची जाड ई तार ४२ वरून ४९ वर गेली, पावणेदोन-दशांश मिलिमीटरनं जाडली, आणि खाच तीच जुनी. तार बसून वर दोन-तीन हजारांश इंच मोकळीक राहिली पाहिजे.

उद्यमनगरात वेल्डिंगच्या सामानाच्या दुकानात जा आणि गॅस कटिंगच्या नोझलची पिन मागा. छोट्या पत्र्याच्या डबीत वेगवेगळ्या जाडीच्या खरबरीत तारा असतात, कॅलिपरनं मोजून आपल्या तारेपेक्षा किंचित जाड पिन निवडायची. पिना लवचिक असतात, वाकल्या की खाच वाकडी होते, म्हणून छोटे स्ट्रोक, हलका हात. कडा घासायच्या, तळ नाही! जाता जाता फिलर गेजपण (ठरलेल्या जाडीच्या पातळ पात्यांचा जुडगा) घ्या, बुलेटवाले टॅपेट सेट करायला वापरतात तोच. पहिल्या फ्रेटची (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीची) उंची अधिक थोडी जागा एवढ्या पात्या एकावर एक ठेवून नटाला चिकटवून धरायच्या, पिन पात्याला लागली की थांबायचं. माझ्याकडचा गेज एका मेकॅनिक दोस्ताचा आहे, पाच वर्षं झाली, तो मागतोय आणि मी देतोय.

प्रश्न – मुलीची अकूस्टिक आहे. मोकळ्या तारा ॲपवर बरोबर दाखवतात, पण सी आणि एफ कॉर्ड बेसूर लागतात आणि एफ दाबताना ती रडकुंडीला येते. सर म्हणतात बोटं तयार होतील. (ताराबाई पार्कातल्या एक ताई)

उत्तर – ताई, बोटं होतील तयार, पण बेसूर कॉर्ड बोटांनी सुधारत नाही. खाचा उंच राहिल्यात. तार जास्त खाली दाबावी लागते, ताणली जाते, सूर चढतो, आणि नटाच्या जवळ हे सगळ्यात जास्त जाणवतं. पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावून तेच कॉर्ड वाजवायला सांगा, सुरात आणि सोपे झाले तर दोष नटाचाच. अजून एक, तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून पहिल्या फ्रेटच्या वर बघा. वहीच्या पानाएवढी फट हवी, व्हिजिटिंग कार्ड आरामात जात असेल तर उंच आहे. फक्त मान आधी सरळ करून घ्या. आपल्याकडच्या पावसाळ्यात लाकूड दमट हवा पितं आणि मान हलते. हे काम स्वतः करू नका, सेटअप करणाऱ्याकडं द्या.

प्रश्न – डी तार मोकळी वाजवली की सतारीसारखी झणझणते. पहिला फ्रेट दाबला की स्वच्छ. फ्रेट खराब झालेत का?

उत्तर – फ्रेट नाही हो, तुमच्या नटाला जवारी (सतार-तंबोऱ्याचा तो झणकार) लागलीय! मिरजेला तंबोरा बनवणाऱ्यांकडं एकदा जाऊन बघा (तिथल्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं), घोडीचा माथा किती वेळ घासत बसतात. तो माथा सपाटही नाही, टोकदारही नाही, किंचित गोलाईचा. तार त्याला हलकं घासत राहते, खाली सूत सरकवून नेमकी जागा शोधतात, तेव्हा कुठं तो गुंजणारा आवाज निघतो. तिथं ते कौशल्य, इथं तीच खोड. तुमच्या खाचेचा तळ सपाट आहे, नाहीतर चावीकडं उंच आणि फ्रेटकडं खाली असा उलटा उतरलाय. तार फ्रेटबोर्डच्या कडेवरच सुटली पाहिजे आणि तिथून चावीकडं उतार. मागची बाजू थोडी घासा, पुढच्या कडेला हात लावू नका, ती गेली की तार खाली बसते आणि मग खालचा प्रश्न तुम्ही पुढच्या वेळी विचारणार.

प्रश्न – जास्त घासलं गेलं. आता मोकळी ई तार पहिल्या फ्रेटला लागून खरखरते.

उत्तर – व्हायचंच. खाच भरायला खायचा सोडा, बेकिंग पावडर नाही. खाचेत चिमूटभर दाबा, बाजूला मास्किंग टेप लावा, टाचणीच्या टोकानं सुपरग्लूचा एक थेंब सोडा. क्षणात दगड होतो, गरम होतो, धूर निघतो, तोंड लांब ठेवा. मग परत खाच पाडा. मी पहिल्यांदा टेप न लावता केलं होतं, तो थेंब अजून माझ्या फ्रेटबोर्डवर आहे. पण रोज वाजवत असाल तर ही मलमपट्टीच, शेवटी नट बदलावा लागतो.

प्रश्न – मग नट हाडाचा चांगला म्हणतात. घरी रविवारी पांढरा रस्सा असतोच, त्यातलं हाड चालेल का?

उत्तर – नाद खुळा प्रश्न आहे! नाही चालणार. नटाला साधारण ४३ मिलिमीटर लांब, पाच-सहा जाड असा भरीव, घट्ट तुकडा लागतो, तो बोकडाच्या नळीतून निघणं अवघड, त्यात शिजलेलं हाड तेलकट आणि ठिसूळ. तयार बोन ब्लँक (नट घडवायचा हाडाचा तुकडा) ऑनलाइन मिळतो, हाड नको असेल तर टस्क नावाचा कृत्रिम प्रकारपण चांगला. रश्श्यातली नळी चोखून घ्या.